पहिल्या वर्षाचं देणं

जून-जुलै महिना आला की एसटी स्टँडवर एक दृश्य हमखास दिसतं. वडील पुढे, मागे मुलगा नाही तर मुलगी. पूर्वी हातात पत्र्याची ट्रंक आणि वळकटी असायची, आता चाकांची बॅग असते. आईनं करून दिलेल्या लाडवांचा डबा मात्र तेव्हाही होता आणि आताही आहे. लेकरू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला निघालेलं असतं. आठवडाभर घरात बोलणं झालेलं असतं ते टक्क्यांचं, फीचं आणि खोलीच्या भाड्याचं. वर्ष कसं जाईल, हे कुणी विचारत नाही, कारण ते कुणालाच ठाऊक नसतं.

आपण थोरामोठ्यांची चरित्रं वाचतो, तेव्हा त्यांच्या पदव्या लक्षात ठेवतो. अमुक साली बी.ए., तमुक साली एलएल.बी. या पदव्यांच्या अलीकडे प्रत्येकाचं एक पहिलं वर्ष होऊन गेलेलं असतं. ते नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या वर्षी परीक्षा अभ्यासाची कमी आणि टिकून राहण्याची जास्त असते. आणि त्या वर्षी जे सोसलं, त्याची परतफेड यांतली काही माणसं पुढे आयुष्यभर करत राहिली. आज बोलायचं आहे ते या परतफेडीबद्दल.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ रोजी. पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली १८५९ साली. १३२ जण बसले आणि उत्तीर्ण झाले जेमतेम वीस-बावीस. त्यात महादेव गोविंद रानडे होते. पुढची कित्येक वर्षं मॅट्रिक होणं हीच मोठी मजल होती. गावात पेढे वाटले जात, आणि मुलगा मुंबईला किंवा पुण्याला रवाना होई. शैक्षणिक वर्ष तेव्हा जानेवारीत सुरू होत असे. वर्गात गेल्यावर मुलाला पहिला धक्का बसे तो भाषेचा. शाळेत इंग्रजी शिकणं वेगळं आणि साहेबाच्या तोंडून तासभर इंग्रजी व्याख्यान ऐकणं वेगळं. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला पुढे ‘प्रीव्हियस’ असं नाव पडलं. घराघरांत ‘आमचा मुलगा प्रीव्हियसला आहे’ असं अभिमानानं सांगितलं जाई. त्या मुलाला वर्गात काही कळतं आहे की नाही, हे त्याचं त्यालाच माहीत असे.

असाच एक मुलगा जानेवारी १८८८ मध्ये भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाला. मॅट्रिकला त्याला ६२५ पैकी २४७ गुण आणि वर अर्धा, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आतच. मुंबईपेक्षा भावनगर स्वस्त, म्हणून तिथं नाव घातलं. वर्गात त्याला सगळंच अवघड वाटू लागलं. व्याख्यानं समजत नव्हती, मग गोडी कुठून लागणार? दोष प्राध्यापकांचा नव्हता, आपणच कच्चे होतो, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं. पहिलं सत्र संपलं आणि तो घरी परतला. घराण्याचे स्नेही मावजी दवे यांनी सुचवलं, की याला विलायतेला पाठवून बॅरिस्टर करा. मुलानं ती सूचना आनंदानं उचलली, कारण कॉलेजच्या अभ्यासाची धास्तीच घेतलेली होती. तो मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. आजच्या भाषेत सांगायचं तर गांधीजी पहिल्या वर्षालाच कॉलेज सोडलेले विद्यार्थी होते.

आता पुण्याला येऊ. १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून वाढत वाढत डेक्कन कॉलेज तयार झालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या बाजूला, मुळा-मुठेजवळच्या दगडी इमारतीत गेलं. मुलं तिथंच राहत. १८७३ च्या सुमारास तिथं बाळ गंगाधर टिळक नावाचा सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी आला. वडील आदल्याच वर्षी वारलेले. बुद्धी तल्लख, पण शरीर अगदीच किरकोळ. या मुलानं ठरवलं, की हे वर्ष तब्येतीला द्यायचं. तालीम, नदीत पोहणं, नाव वल्हवणं आणि भरपूर खाणं हाच त्याचा अभ्यासक्रम झाला. व्हायचं तेच झालं, पुस्तकं बाजूला राहिली आणि वर्ष बुडालं. पुढे गणित विषय घेऊन ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले. मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढूनही हा माणूस उभा राहिला, त्याचा पाया या बुडालेल्या वर्षात आहे, असं त्यांचे चाहते नेहमी सांगत आले.

ही गोष्ट आपल्याला आवडते. पण तिला दुसरी बाजू आहे. वर्ष बुडवणं ज्याला परवडतं, तोच ते बुडवू शकतो. टिळकांना ते परवडलं. त्यांच्याच वयाचा, त्याच १८५६ साली जन्मलेला दुसरा एक मुलगा दोन-तीन वर्षांनी त्याच कॉलेजात आला. त्याला एक दिवसही बुडवणं शक्य नव्हतं. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा फिरत फिरत मॅट्रिक झालेला. अंगात घालायला सदरा एकच. रात्री तो धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं. शिष्यवृत्ती आणि थोडंफार लेखन यांवर फीची तोंडमिळवणी. शाळेच्या पुस्तकातून ही एका सदऱ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. ती वाचताना आपण आगरकरांच्या जिद्दीचं कौतुक करतो. पावसाळ्यात तो सदरा रात्रीतून वाळत नसेल त्या दिवशी काय होत असेल, हा विचार आपण करत नाही. पहिलं वर्ष कितीदा अशा साध्या गोष्टीवर अडतं!

त्याच डेक्कन कॉलेजात १८८० च्या दशकात एक विद्यार्थिनी आली. एक, एवढीच. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवत. तीनशे-चारशे मुलींत पहिली येणं ही गोष्ट वेगळी आणि सगळ्या मुलांत एकटीच मुलगी असणं वेगळं. काही मुलं वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घेत. म्हणजे व्याख्यान समजतं की नाही हा पुढचा प्रश्न, आधी खोलीत शिरायचं कसं? ती शिरली, टिकली आणि पदवीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली महिला पदवीधर. विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मात्र ती बाई असल्यामुळे तिला मिळाली नाही. हितचिंतकांनी पैसे उभे केले, तेव्हा ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोहोचली. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री ठरली. दार लावून घेणाऱ्या मुलांपैकी कुणाचंही नाव आज आपल्याला आठवत नाही.

यानंतरचं पहिलं वर्ष मुंबईचं. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजात ही केवढी मोठी घटना होती, हे त्यांच्या अभिनंदनासाठी भरलेल्या सभेवरून कळतं. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हातात दिलं. हारतुऱ्यांचा तो दिवस संपला आणि पुढच्या जानेवारीत भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. परळच्या चाळीतून रोज ये-जा. कॉलेजात उपाहारगृह होतं, पण तिथला चालक त्यांना चहाच काय, पाणीसुद्धा देत नसे. जरा कल्पना करा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वर्गात इतरांच्या बरोबरीनं बसतो, तेच व्याख्यान ऐकतो, तोच पेपर लिहितो, आणि तहान लागली की त्याला आठवण करून दिली जाते, की तू यांच्यातला नाहीस.

त्याच कॉलेजात प्राध्यापक म्युलर होते. त्यांनी या विद्यार्थ्याला आपली पुस्तकं वाचायला दिली, कपडे दिले. इंटर झाल्यावर रामजी सुभेदारांजवळचा पैसा संपला. तेव्हा केळुसकर त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. यातून म्युलर आणि केळुसकर वजा करा आणि पुढचा इतिहास काय झाला असता, ते मनाशी ताडून पाहा. घटना समितीपर्यंत गेलेली वाट या २५ रुपयांवरून गेलेली आहे.

आता परतफेडीकडे येतो. गांधीजींना वर्गातली परकी भाषा सलली होती. १९२० मध्ये त्यांनी अहमदाबादला गुजरात विद्यापीठाची स्थापना केली आणि मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. १९३८ साली ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिलं, की शाळेत इंग्रजीतून जे शिकायला चार वर्षं लागली, ते गुजरातीतून एका वर्षात सहज आलं असतं. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात भेटले आणि सरकारी नोकरीचा विचार सोडून विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढायला पुढे झाले. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं. एका सदऱ्यावर पहिलं वर्ष काढणारा मुलगा १८९२ मध्ये त्या कॉलेजचा प्राचार्य झाला. कॉर्नेलिया सोराबजींनी पडद्याआडच्या, कोर्टाच्या दारापर्यंतही पोहोचू न शकणाऱ्या बायकांच्या इस्टेटींचं काम हाती घेतलं. बंद दार म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथं सकाळचे वर्ग ठेवले. दिवसा नोकरी करून पोट भरणाऱ्या मुलालाही कॉलेजचं तोंड दिसावं, हा त्यामागचा हेतू. १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे आणि उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. गावकुसाबाहेरच्या मुलाला तर ही वाट जवळजवळ बंदच. मिलिंदच्या आवारात वसतिगृहं उभी राहिली आणि त्याच मुलाला हक्काची खोली, जेवण आणि पाणी मिळालं. होय, पाणीसुद्धा. एल्फिन्स्टनच्या उपाहारगृहात नाकारलेल्या त्या पेल्याची परतफेड अशी झाली.

साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कॉलेजची पायरी चढले नव्हते. पण त्यांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र तिथं रुजवलं. पहिल्या वर्षाच्या मुलानं शेतात, बागेत काम करायचं आणि ताठ मानेनं वर्गात बसायचं. आपण कुणाच्या दयेवर शिकतो आहोत, हे ओझं त्याच्या मनावर राहू नये, याचा विचार त्यात होता.

काळ बदलला. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, पुढे बारावी आली आणि ‘प्रीव्हियस’ची जागा ‘एफ.वाय.’नं घेतली. कॉलेजं तालुक्याला आली. पण नव्या मुलाला छळण्याची रीत काही सुटली नाही. महाराष्ट्रानं १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभरासाठी नियम केले. पहिल्या वर्षाच्या मुलाला संरक्षण लागतं, हे कागदावर यायला विद्यापीठं स्थापन झाल्यापासून जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. हाती काहीच न येण्यापेक्षा हे बरं, यात शंका नाही. पण जो बाहेर पडतो तो स्वतःच्या इच्छेनं पडतो, की खोलीचं भाडं, मेसचं बिल, न समजणारी भाषा आणि वर्गातलं एकटेपण त्याला बाहेर काढतं, हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं. गांधीजींना मावजी दवे भेटले, विलायतेची वाट सापडली. बहुतेकांना गावाकडची परतीची एसटीच सापडते.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. तुमच्या ओळखीत, शेजारी, नात्यात या वर्षी कुणी तरी पहिल्या वर्षाला गेलेलं असेल. दिवाळीच्या सुट्टीत ते घरी येईल, तेव्हा त्याला मार्क विचारू नका. जेवण नीट मिळतं का, शिकवलेलं समजतं का, वर्गात कुणी मित्र-मैत्रीण झाली का, एवढं विचारा. आणि उत्तर द्यायला त्यानं उशीर लावला, तर एखादं पुस्तक, एखादा सदरा, महिन्याचे थोडे पैसे, यांतलं जमेल ते द्या. म्युलरसाहेबांनी आणि केळुसकर गुरुजींनी याहून फार वेगळं काही केलं नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)