आज्ञेने न सुटलेले व्यसन

‘तंबाखू’ हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरला आहे, की तो परका आहे याची कोणास आठवणही होत नाही. परंतु हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला आणि त्याच्या सोबतीने ते पानही आले. १४९२ च्या नोव्हेंबरात कोलंबसाच्या दोन माणसांनी क्युबा बेटावरील रहिवाशांना पेटत्या पानांचा धूर ओढताना पाहिले. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत ते पान युरोप, आफ्रिका व आशिया या तिन्ही खंडांत पोहोचले. नवलाची गोष्ट ही, की त्याचे स्वागत औषध म्हणून झाले. पोर्तुगीज त्यास ‘पवित्र वनस्पती’ म्हणत. लिस्बन येथील फ्रान्सचे राजदूत जाँ निको यांनी १५६० मध्ये ते औषध म्हणून आपल्या राजदरबारी पाठविले. त्यांच्याच नावावरून तंबाखूतील मादक द्रव्यास पुढे निकोटीन हे नाव मिळाले.

आपल्याकडे दख्खनेत तंबाखू सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुजली होती. अकबराचा वकील असद बेग याने ती विजापुरी पाहिली आणि १६०४ च्या सुमारास रत्नजडित हुक्क्यासह बादशहास नजर केली. आमच्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही ती वस्तू बादशहांनी घेऊ नये, असा आक्षेप दरबारी हकिमाने घेतला. युरोपातील शहाणी माणसे ती घेतात, मग तीत वाईट ते काय असणार, असे असद बेगचे उत्तर. अकबराने थोडे झुरके घेतले, पण सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र ती लावून घेतली. हकिमाची शंका खरी होती. पण ती सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

तंबाखूच्या पुढील इतिहासाची हीच गोम आहे. १६०४ मध्येच इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने धूम्रपानाविरुद्ध पुस्तिका लिहिली. ते मेंदूस अपायकारक व फुप्फुसांस घातक आहे, असे तीत बजावले आणि तंबाखूवर जबर जकात बसविली. १६१७ मध्ये जहांगीराने आपल्या राज्यात धूम्रपानास मनाई केली. सेव्हिल येथील धर्ममंडळाच्या तक्रारीवरून पोप आठवे अर्बन यांनी १६४२ मध्ये त्या धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखू सेवन करणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा ठरविली. १६५० मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी रोमच्या संत पीटर महामंदिरासाठी तसाच आदेश काढला. हे आदेश आरोग्यासाठी नसून पवित्र स्थळाचे पावित्र्य राखण्यासाठी होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. १७२५ मध्ये पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी ही बंदी उठविली, आणि १८६३ मध्ये पोप नववे पायस यांच्या कारकिर्दीत खुद्द रोममध्ये तंबाखूचा भव्य कारखाना उभा राहिला. राजांची जकात आणि धर्मसत्तेचा बहिष्कार, दोन्ही या पानापुढे हरले. असे का व्हावे? आम्हांस वाटते, आज्ञा होती. पण पटेल असा पुरावा नव्हता आणि व्यसनात सापडलेल्यास हात देणारेही कोणी नव्हते.

पुरावा मिळाला तो १९५० मध्ये. लंडनमधील रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयांतील रुग्णांच्या सवयींची नोंद केली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे अवघे दोन निघाले! रस्त्यांवरील डांबर किंवा मोटारींचा धूर हे कारण असावे, असा डॉल यांचा आरंभीचा तर्क होता. आकडे वेगळेच बोलू लागताच त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांची जीवनयात्रा पन्नास वर्षे तपासली. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आजन्म सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षे आधी जग सोडतो. मात्र साठीला व्यसन सोडले तर सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ, आणि तिशीला सोडले तर जवळजवळ सगळी दहा.

याच वर्षांत अमेरिकेत इव्हार्ट्स ग्रॅहम हे शल्यविशारद होते. कर्करोगाने ग्रासलेले संपूर्ण फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी १९३३ मध्ये केली. ते स्वतः सिगारेटचे शौकीन. धुराचा दोष त्यांना प्रथम पटेना. १९५० मध्ये आपल्या तरुण सहकाऱ्यासह केलेल्या संशोधनाने त्यांची खात्री झाली व त्यांनी सिगारेट सोडली. पण उशीर झाला होता. १९५७ मध्ये त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. डॉल मात्र ९२ वर्षे जगले. एकाच सत्याच्या या दोन साक्षी आहेत.

मग सोडावे कसे? प्रथम शत्रू ओळखावा. धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूस पोहोचते व पुनःपुन्हा तीच मागणी करवते. म्हणून व्यसन सुटत नाही तो मनुष्य दुबळ्या चारित्र्याचा, असे घरच्यांनी समजू नये. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप उडते. तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, चार पावले चालून यावे. दिवस आधी ठरवावा, घरच्यांना सांगावा, विडी-काडी घरातून काढून टाकावी. स्वीडनचे रसायनज्ञ ओव्हे फर्ना यांनी तयार केलेला निकोटीनचा च्युइंगम १९७८ मध्ये प्रथम स्वित्झर्लंडमध्ये विक्रीस आला. असे साहाय्य आज डॉक्टरांच्या सल्ल्याने आपल्याकडेही मिळते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. विडी सिगारेटहून सौम्य, हा समज खोटा आहे. आणि मिश्री वा गुटख्यात धूर नसला तरी मुखाचा कर्करोग चुकत नाही.

आज्ञाही आता वेगळ्या आधारावर उभी आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर भारतात २००८ पासून कडक बंदी आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधील सिगारेटविक्री पुढील वर्षापासून थांबविण्याचे ठरविले. त्यामुळे होणारे उत्पन्न बुडणार होते, तरीही लोकांच्या आरोग्यास उघड अपाय करणाऱ्या गोष्टीस हातभार लावता येणार नाही, असे कारण त्यांनी दिले. १६४२ चा आदेश वेदीच्या पावित्र्यासाठी होता. हा माणसाच्या जिवासाठी आहे.

वाचकहो, आपल्या घरात कोणी वडीलधारे वा तरुण या पाशात असतील, तर त्यांना धाक घालू नये. डॉल यांचे ते आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत, आणि पहिल्या चार दिवसांत त्यांच्या सोबतीस राहावे. तीन वर्षे असोत वा दहा, ती घरात परत येणारी वर्षे आहेत.