साजूक तूप, वनस्पती तूप आणि गृहिणी

घरातील तेलातुपाचा हिशेब गृहिणीइतका काटेकोर कोणी ठेवीत नाही. वाण्याच्या यादीतील ती सर्वांत जड रकमेची ओळ. परंतु ज्या वस्तूवर आपण एवढा पैसा घालतो, ती आपल्या घरात आली कशी, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. तरी या विषयाचे वाचन मी आवडीने केले. त्यातले जे उपयोगी वाटले, ते मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त आपल्यापुढे ठेवीत आहे.

पूर्वी आपल्याकडे स्निग्ध पदार्थ दोनच ठिकाणांहून येत, गोठ्यातून आणि घाण्यातून. साय विरजून, घुसळून काढलेले लोणी कढवले की साजूक तूप झाले. तेल मात्र तेल्याकडचे. कोकणात खोबरेल, घाटावर करडई, तीळ व भुईमूग, विदर्भात जवससुद्धा. तूप महाग, म्हणून फोडणीला तेल आणि भातावर तुपाची धार, अशी ही वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली होती.

तिसरी वस्तू आली ती युरोपातून. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनतज्ज्ञाने सन १९०१ च्या सुमारास पातळ तेल घट्ट करण्याची युक्ती शोधली. तापवलेल्या तेलात निकेल धातूची भुकटी घालून त्यातून हायड्रोजन वायू सोडला, की तेल थिजते आणि पांढरेशुभ्र होते. पहिल्या महायुद्धानंतर हा माल हॉलंडहून आपल्या देशात येऊ लागला. सन १९३१ मध्ये लिव्हर कंपनीने ‘हिंदुस्थान वनस्पती’ ही कंपनी स्थापन केली आणि १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना सुरू झाला. सन १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. हा माल आणणाऱ्या व्यापाऱ्याच्या ‘दादा’ या नावात लिव्हरचा ‘ल’ मिसळून ते तयार झाले, असे सांगतात. ताडाचे हिरवे झाड असलेला तो पिवळा डबा पुढे घरोघरी पोहोचला. रिकामा झाल्यावर त्यात कोणी डाळ भरली, कोणी तुळस लावली.

तो पोहोचला याचे कारण उघड आहे. साजूक तूप परवडत नव्हते आणि सणावाराला पाहुण्यांपुढे कोरडे ताट ठेवणेही मनाला पटत नव्हते. वनस्पती तूप स्वस्त, लवकर न खवटणारे आणि दिसायला तुपासारखे रवाळ. चिरोट्यांच्या साट्याला, शंकरपाळ्यांच्या मोहनाला ते उत्तम जमे. गरीब गृहिणीने ते घेतले यात तिला नावे ठेवण्यासारखे काही नाही.

खरा तंटा झाला तो फसवणुकीवरून. डब्यातले वनस्पती साजूक तुपात मिसळून विकणारे व्यापारी निघाले, आणि पैसे साजुकाचे देऊनही घरी दुसरेच येऊ लागले. गांधीजींनी सन १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले. सन १९५० मध्ये पंडित ठाकुरदास भार्गव यांनी त्यावर बंदी घालण्याचे विधेयक संसदेत आणले. पण बंदी झाली नाही. निदान त्याला रंग तरी द्या, म्हणजे भेसळ डोळ्यांना दिसेल, अशी मागणी झाली. तज्ज्ञांनी शोध केला, परंतु सर्व बाजूंनी योग्य ठरेल असा रंग मिळाला नाही. त्याऐवजी वनस्पतीत शेकडा ५ तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलावर साखर व हायड्रोक्लोरिक आम्ल यांची क्रिया झाली की तांबूस गुलाबी रंग येतो. त्यावरून तुपातील भेसळ प्रयोगशाळेत ओळखता येई. म्हणजे सोय झाली ती तपासनिसाची. दुकानात उभ्या असलेल्या बाईला मात्र ओळखायला काहीच मिळाले नाही.

प्रकृतीचा प्रश्न पुढे बऱ्याच वर्षांनी उलगडला. तेलाचे सूक्ष्म कण वाकड्या काटक्यांसारखे असतात. वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधली जात नाही, म्हणून तेल पातळ राहते. अर्धवट घट्ट करताना यांतील काही काटक्या सरळ होतात. यांनाच ट्रान्स चरबी म्हणतात. सन १९९० मध्ये हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ती रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. म्हणजे हृदयविकाराला दोन्हीकडून वाट. सन २००३ मध्ये डेन्मार्कने त्यावर कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे ही मर्यादा आधी शेकडा १०, मग ५, सन २०२१ मध्ये ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ अशी उतरत आली. शिवडीच्या कारखान्यापासून येथवर यायला ९० वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात किती पंगती उठल्या!

म्हणून साजूक तेवढे सगळे निर्दोष, असे मात्र समजू नये. साजूक तुपाचा निम्म्याहून अधिक भाग संपृक्त चरबीचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी शेकडा १० हून अधिक उष्मांक या चरबीतून येऊ नयेत. साधारण खाणाऱ्या माणसाला ती सुमारे २२ ग्रॅम होते. दोन मोठे चमचे तुपातच त्यातील बहुतेक वाटा संपतो. भातावर चमचाभर घ्यावे. वाटीभर ओतू नये. शेंगदाणा, करडई, तीळ ही तेले आलटून पालटून वापरावीत, पण तीही मापाने.

आता राहिले आपल्या हातातले. वनस्पती, मार्गारीन, तसेच पाकीटबंद खारी, टोस्ट, नानकटाई घेताना पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत. ‘हायड्रोजनेटेड’ आणि ‘ट्रान्स फॅट’ हे शब्द तेथे शोधावेत. आपल्या आजी-आईला जो रंग मिळाला नाही, त्याची जागा आज या अक्षरांनी घेतली आहे. सुट्या मालावर अक्षरे नसतात, म्हणून तो घेताना दुकानदाराला कशात केला आहे हे विचारावे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. काळसर झालेले तेल टाकून द्यावे. आणि मंडळाचा फराळ विकताना तो कशात तळला, मोहन कशाचे घातले, हे आपण स्वतः चिठ्ठीवर लिहावे. ज्या माहितीसाठी बायकांना इतकी वर्षे थांबावे लागले, ती आपल्याकडून घेणारीला न मागता मिळावी, एवढीच माझी सूचना आहे.