लळिंगचा डोंगर कुणाच्या आठवणीत आहे?

मालेगावकडून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याला येताना, शहराच्या साधारण दहा किलोमीटर अलीकडे एक घाट लागतो. घाटाच्या कडेला उंच डोंगर, त्याच्या माथ्यावर तटबंदीची तुटक रेघ आणि पायथ्याला लळिंग नावाचे लहानसे गाव आहे. ट्रकवाल्यांना हे नाव टोलनाक्यामुळे माहीत असते. धुळेकरांना ते पावसाळ्यातल्या धबधब्यामुळे माहीत असते. श्रावणाच्या आसपास इथल्या डोंगरउतारांवर हिरवळ चढते आणि रविवारी तरुणांच्या मोटारसायकलींची रांग लागते. वर किल्ल्यावर जाणारे त्यात थोडेच. आणि हा किल्ला कुणाचा, असे विचारले तर उत्तर देणारे त्याहूनही थोडे.

मी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे. ‘शिवाजी महाराजांचा असेल’ किंवा ‘मोगलांचा असेल’, ही दोन उत्तरे हमखास मिळतात. आपल्या शालेय इतिहासात या दोघांच्या मधे जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण लळिंग या दोघांच्याही आधीचा आहे. ज्या प्रदेशाला आपण खानदेश म्हणतो, त्याच्या जन्मकथेतले हे महत्त्वाचे ठिकाण आहे.

शिकाऱ्याच्या जेवणाची जहागीर

महंमद कासिम फरिश्ता या इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरच्या आदिलशाही आश्रयात आपला फारसी ग्रंथ लिहिला. त्यात खानदेशच्या फारुकी घराण्यावर वेगळे प्रकरण आहे. तो सांगतो, दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक शिकारीच्या नादात सैन्यापासून दूर गेला, भुकेला झाला आणि मलिक राजा नावाच्या एका साध्या सरदाराने आपल्याजवळचे अन्न त्याला दिले. खूश होऊन सुलतानाने १३७० मध्ये त्याला थाळनेर आणि करवंद हे परगणे दिले. ही दोन्ही गावे आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहेत. जेवणाची गोष्ट खरी की दरबारी, हा मुद्दा बाजूला ठेवू. तापीकाठच्या थाळनेरपासून एक राज्य सुरू झाले आणि ते सुमारे सव्वादोनशे वर्षे टिकले, हे मात्र पक्के.

हे घराणे स्वतःला दुसरे खलिफा हजरत उमर फारूक यांचे वंशज म्हणवून घेई. फारुकी हे नाव त्यावरून पडले.

१३९९ मध्ये मलिक राजाचा मृत्यू झाला. धाकट्या मुलाच्या वाट्याला थाळनेर आले आणि थोरल्या नासीर खानाच्या वाट्याला लळिंग. धाकट्याला नदीकाठचे नांदते गाव आणि थोरल्याला उघडा डोंगर, ही वाटणी आज विचित्र वाटते. पण माथ्यावर उभे राहिले की तिचे कारण कळते. उत्तरेला पांझरेच्या काठचे धुळे आणि त्यापलीकडे तापीच्या खोऱ्याकडे उतरत जाणारे काळे रान. दक्षिणेला मालेगाव आणि गाळण्याकडची डोंगररांग. मधून जाणारी एकच सोयीची वाट. दख्खनमधून उत्तरेकडे निघालेला व्यापारी, फौज किंवा फकीर या डोंगराच्या नजरेतून सुटत नसे. आजचा महामार्ग त्याच खिंडीतून जातो, कारण भूगोल बदललेला नाही.

नासीर खान लळिंगवर थांबला नाही. त्याने आसा अहिराकडून असीरगडचा बलाढ्य किल्ला मिळवला, तोही विश्वासघाताने. डोल्यांमधून जनानखाना पाठवतो असे सांगून त्यात सैनिक बसवले, असे फरिश्ताच लिहितो. मग तापीकाठी त्याने नवे शहर वसवले आणि खुलताबादला विसावलेले सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने त्याला बुऱ्हाणपूर म्हटले. गुजरातच्या अहमदशाहाने त्याला ‘खान’ हा किताब दिला आणि त्यावरून प्रदेश खानदेश झाला, असे मानले जाते. काही अभ्यासक हे नाव कान्हदेशावरून आले असे म्हणतात. वाद चालू द्या. पण ज्या खानाचे नाव या वादात येते, त्याचा पहिला किल्ला हा आहे.

एका मुलीची तक्रार

लळिंगच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग एका मुलीच्या दुःखातून घडला.

नासीर खानाची मुलगी बहमनी शहजादा अलाउद्दीनला दिली होती. पुढे तो गादीवर आला. त्याने संगमेश्वरच्या राजाची मुलगीही करून आणली आणि त्याचा सारा जीव तिच्यावर जडला. फारुकी राणीने बापाला आपली उपेक्षा कळवली. म्हाताऱ्या नासीर खानाने थेट वऱ्हाडावर स्वारी केली. वऱ्हाडातले काही बहमनी सरदारही त्याला जाऊन मिळाले.

बहमनी दरबाराने त्याच्यावर खलफ हसन बसरी या सेनापतीला पाठवले. हा मूळचा बसऱ्याकडचा, म्हणजे ‘आफाकी’. दख्खनी सरदार सोबत नकोत, आपल्या आफाकी लोकांनिशीच जाऊ, अशी त्याची अट होती. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडजवळ त्याने नासीर खानाचा पराभव केला, पाठलाग करत बुऱ्हाणपूर जाळले आणि १४३७ मध्ये तो लळिंगच्या पायथ्याशी येऊन ठाकला. नासीर खान मोजक्या लोकांनिशी लढला, हरला आणि त्या धक्क्यातच गेला. त्याचा देह थाळनेरला नेऊन बापाच्या शेजारी दफन केला गेला.

या लढाईत कोण कुणाविरुद्ध होते, ते पाहा. हल्ला करणारा मुसलमान, बचाव करणारा मुसलमान. एका फौजेतच दख्खनी आणि परदेशी असा दुरावा. भांडणाचे निमित्त एका हिंदू राजकन्येवरचे सुलतानाचे प्रेम आणि एका मुसलमान राजकन्येचा अपमान. मध्ययुगातली प्रत्येक लढाई धर्मयुद्धाच्या साच्यात ओतणाऱ्यांनी, ते कोणत्याही बाजूचे असोत, एकदा लळिंगची ही गोष्ट त्या साच्यात बसवून दाखवावी.

न टिकलेले नाव

जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारुकी राज्य संपले. अकबराने आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून या सुभ्याचे नाव ‘दानदेश’ ठेवले. हिंदुस्थानच्या सर्वांत शक्तिशाली बादशहाचा हा हुकूम होता. तरीही लोक खानदेशच म्हणत राहिले. आज दानदेश हा शब्द फक्त पुस्तकात सापडतो. पुढे इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. त्यांचेच नंतर जळगाव आणि धुळे झाले आणि १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. कागदावर खानदेश नावाचा एकही जिल्हा उरला नाही. लोकांच्या तोंडी, भरताच्या वांग्यात, शेवभाजीच्या पाटीवर तो शाबूत आहे. सरकारी नाव वेगळे आणि लोकांचे नाव वेगळे. नामांतराच्या आजच्या गदारोळात हा धडा उपयोगी पडावा.

फरिश्ताचा ग्रंथ इंग्रजीत नेणारा माणूसही धुळ्याशी जोडलेला आहे. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभारी म्हणून आला आणि त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले. त्याच ब्रिग्जने केलेला फरिश्ताचा अनुवाद १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे याच धुळ्यात राहिले आणि १९२६ मध्ये इथेच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही शहरात आहे. इतिहासाची एवढी पुण्याई असलेल्या गावाच्या उंबऱ्यावर लळिंग उभा आहे.

लांडोर बंगल्याची वाट

आता डोंगर उतरून कुरणाकडे वळू. लळिंगच्या वनखात्याच्या कुरणात ‘लांडोर बंगला’ नावाचे जुने विश्रामगृह आहे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम इथे होता. दरवर्षी ३१ जुलैला हजारो माणसे पावसाची पर्वा न करता या कुरणात जमतात. लेकरे खांद्यावर, डबे पिशवीत. इथे ना मोठे स्मारक होते ना सरकारी निधी. एका छोट्याशा मुक्कामाची आठवण लोकांनी पायांनी जिवंत ठेवली.

त्याच डोंगराच्या माथ्यावर एक राज्य उभे राहिले आणि एक राजा लढताना संपला. पायथ्याशी हेमाडपंती घाटाचे महादेवाचे मंदिर आहे, वर देवीचे ठाणे आहे. तिथे दिवा लागतो, कारण तिथे कुणीतरी जाते. फारुकींच्या वाट्याला मात्र पडकी तटबंदी आणि पाण्याची टाकी. थाळनेरच्या मकबऱ्यांची गतही फार वेगळी नाही. त्यातली एक अष्टकोनी इमारत कोरीवकामासाठी पाहावी अशी आहे. शिरपूरहून ते अंतर फार नाही. तरी खानदेशातले किती मुसलमान तिथे गेले असतील?

इथे एक गैरसमज टाळायला हवा. फारुकी हे आपले पूर्वज होते, म्हणून त्यांना आठवा, असे मी म्हणत नाही. खानदेशातला मुसलमान पिंजारी आहे, तडवी आहे, मोमीन आहे, बागवान आहे, खाटीक आहे. राजघराण्याशी त्याचे रक्ताचे नाते नाही आणि ते जोडायची गरजही नाही. राजे राजांसारखेच वागले. असीरगडच्या डोल्या विसरून त्यांचे गोडवे गाता येणार नाहीत. पण ज्या मातीत आपण राहतो, तिच्या नावाची गोष्ट माहीत असणे हा वंशाचा प्रश्न नसून रहिवाशाचा प्रश्न आहे. तो अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा आहे, कुरणात गुरे नेणाऱ्या भिल्लाचा आहे आणि आपलाही आहे.

‘आमचा इतिहास पुसला जातो’ ही तक्रार आपल्या सभांमधून मी नेहमी ऐकतो. ती खोटी नाही. पण लांडोर बंगल्याकडे जाणारी माणसे पाठ्यपुस्तकात धडा येण्याची वाट पाहत बसली नाहीत. त्यांनी तारीख ठरवली आणि चालायला लागली. धुळ्यातल्या, जळगावातल्या एखाद्या उर्दू किंवा मराठी शाळेने वर्षातून एक सहल लळिंगला आणि एक थाळनेरला काढली, तरी पुष्कळ होईल. बसचे भाडे आणि पाण्याच्या बाटल्या, एवढाच खर्च आहे. आणि सहल ३१ जुलैच्या सुमारास काढली, तर मुलांना एकाच डोंगरावर दोन धडे मिळतील. माथ्यावर इतिहास कसा विसरला जातो ते दिसेल आणि खाली कुरणात तो कसा जपला जातो ते.