पोळातील घरे : टिकाऊ बांधणीचा एक अध्याय

कापडाच्या खरेदीनिमित्त सुमारे चाळीस वर्षे माझे अहमदाबादेस जाणे-येणे होते. सौदा आटोपला की पावले आपोआप जुन्या शहरातील पोळांकडे वळत. इ. स. १४११ मध्ये सुलतान अहमदशहाने वसविलेल्या या नगरीत एका जातीची वा एका व्यवसायाची कुटुंबे एकाच दरवाजाआड राहू लागली, तीच पोळ. अनेक पोळांत आपल्या समाजबांधवांची वस्ती असून घरांच्या रांगेतच जिनमंदिर आणि चौकात पक्ष्यांच्या दाण्यांसाठी उंच चबुतरा आढळतो.

या घरांची बांधणी अभ्यासण्याजोगी आहे. खांब व तुळयांचा लाकडी सांगाडा, सांधे एकमेकांत अडकविलेले, आणि विटांच्या भिंतींत ठरावीक उंचीवर आडवी लाकडे बसविलेली. लगतची घरे भिंतीला भिंत लावून उभी असल्याने एकमेकांस आधार देतात. मधल्या चौकातून उष्ण हवा वर निघून जाते. कित्येक घरांत चौकाखाली चुन्याच्या गिलाव्याचे टाके असे. पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडून नंतरचे छपरावरील पाणी त्यात साठवीत. उजेड न लागल्याने ते वर्षभर पिण्यास चाले.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपाने अहमदाबाद हादरले. काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे दगावली. पोळांतील घरांना तडे गेले, काही भिंती ढासळल्या. परंतु बहुतांश घरे उभी राहिली. मात्र जुने ते सारे मजबूत, असा अर्थ कोणी काढू नये. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छपरे अंगावर पडून हजारो बांधव मृत्युमुखी पडले. तेथे भिंतीचे दगड एकमेकांत गुंफलेलेच नव्हते. आम्हा कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ताणा होता, बाणा नव्हता.

जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा नगरीचा दर्जा दिला. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर. तरीही वाटण्या, तुटपुंजी भाडी आणि वाळवी यांपुढे कित्येक घरे हरली. कोरीव खांब विकले गेले. दोष केवळ तेथील लोकांना देणे मला शोभणार नाही. आमचा वडिलोपार्जित वाडा आम्ही तिघा भावांनी १९८९ साली वाटणीसाठी पाडला. सागवान घनफुटाच्या भावाने दिले. त्या जागी बांधलेली स्लॅब पंधराव्या पावसाळ्यात गळू लागली आणि आज तिच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. ते लाकूड घेणाऱ्या गृहस्थांनी आपल्या ओसरीला आमचे चार खांब लावले. अद्याप एकालाही कीड नाही. त्यांच्याकडे गेलो की ते चहा सांगतात, आणि मी आजोबा टेकून बसत त्या खांबाशी बसतो.