चुना विझतो, म्हणजे काय?

जालन्यात आज भट्टी म्हटली की पोलादाचीच आठवते. पण इथला मस्तगड किल्ला उभा राहिला तो 1725 च्या सुमारास. सिमेंट नसलेल्या त्या काळात बांधकामाला भट्टी लागे ती चुन्याची. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे जागोजागी सापडतात. ते जळणाच्या थरांत रचून भाजायचे, निघालेली चुन्याची कळी पाण्यात विझवायची, वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायची. मग दगडावर दगड बसवायचा.

यातला ‘विझवणे’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कळीचे ढेकूळ हाताला गार लागते. त्यात विझवायचे काय? पण पाणी पडताच ते तडकते, फुगते, वाफा सोडते, पाणी खदखदू लागते आणि ढेकळाची भुकटी होते. ‘चुना’ हा शब्दही संस्कृत ‘चूर्णा’तूनच आला आहे. दिवाळीआधी सफेदीसाठी पिंपात कळी टाकली की मुलांना लांब पिटाळत, ते उगाच नाही. उडालेला थेंब डोळा घालवू शकतो.

लॅटिनमध्येही भाजलेला चुना ‘जिवंत’ आणि भिजवलेला ‘विझलेला’. आग विझवणाऱ्या पाण्याने चुना तापतो आणि आग भडकवणाऱ्या तेलाने मात्र गारच राहतो, याचे नवल पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने लिहून ठेवले आहे. भट्टीतला विस्तव कळीत दडून राहतो, ही समजूत या शब्दांत स्पष्ट दिसते.

समजूत बरीचशी खरी निघाली. चुनखडी फुटायला सुमारे 900 अंश तापमान लागते. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीतून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो, 56 ग्रॅम कळी उरते. त्यात सुमारे 178 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ती कळी विझताना 65 किलोज्यूल परत देते. म्हणजे एक किलो कळीची उष्णता तीन लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल.

मग उरलेले 113 गेले कुठे? वाट कोणतीही असो, उष्णतेची एकूण बेरीज तीच राहते, हा नियम जर्मेन हेसने 1840 मध्ये मांडला. भिंतीतला विझलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होतो आणि तेव्हा हे 113 किलोज्यूल सुटतात. जाड भिंतीच्या पोटात हे काम वर्षानुवर्षे चालते, इतके संथ, की भिंतीला हात लावला तरी ऊब जाणवत नाही.