दाबाखालचा बिस्मथ

तारेतून वीज वाहताना काही शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, हे आपण जाणतो. १९११ साली हॉलंडात कामर्लिंग ऑनस यांना आढळले की, अतिशय थंड केलेल्या पाऱ्यात विजेला होणारा विरोध समूळ नाहीसा होतो. हीच अतिसंवाहकता.

बिस्मथ हा धातू मात्र या परीक्षेत दीर्घकाळ उतरला नाही. १९५३ साली त्याच्यावर वातावरणाच्या हजारो पट दाब दिला, तेव्हा निरपेक्ष शून्याच्या वर काही अंशांवरच तो अतिसंवाहक झाला. परंतु अशा दाबाने अणूंची रचनाच पालटते. मग मूळच्या बिस्मथाचे काय?

याचे उत्तर मुंबईतच मिळाले. आपण मालाडकर लोकलने चर्चगेट गाठतो, त्याच्याही पुढे कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे एस. रामकृष्णन व सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखविले की, दाबाविनाही बिस्मथ अतिसंवाहक होतो. पण निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.०००५३ अंशावर!

बिस्मथात सुमारे लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. १९५७ च्या मान्य उपपत्तीला हे कोडे उलगडत नाही. दाब काढून घेतला, तेव्हाच सिद्धान्ताची खरी कसोटी लागली.