रानपिंगळ्याचा पुनर्शोध : एक साधनचिकित्सा

बनावट सनदेचा परिचय इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकास असतो. परंतु संग्रहालयातील पक्ष्याच्या पायास बांधलेली चिठ्ठी ही देखील एक प्रकारची सनदच होय, आणि तिचीही चिकित्सा करावी लागते, याकडे सहसा लक्ष जात नाही. रानपिंगळ्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या लहानशा घुबडाचा पहिला नमुना १८७२ साली एफ. आर. ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात मिळविला. पुढील वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ हा स्वतंत्र वंश कल्पिला. खानदेशातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्यात भर घातली. १८८४ पर्यंत जमलेले अवघे सात नमुने, एवढीच काय ती अस्सल सामग्री.

मात्र कर्नल मायनर्ट्झहॅगन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर गुजरातेतील मांडवी व १९१४ हे साल नोंदलेले होते. ती नोंद प्रमाण मानून झालेले शोध निष्फळ ठरले. पुढे तिच्याविषयी संशय बळावला, तेव्हा पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या अस्सल स्थळांकडे वळले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, हा पक्षी ११३ वर्षांनी जिवंत आढळला. मांडवीचा नमुना वस्तुतः डेव्हिडसन यांचाच असून तो चोरून नव्याने भरलेला होता, हे रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये साधार दाखविले.

त्यानंतर मेळघाट, यावल व खंडवा येथे, आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात, म्हणजे सह्याद्रीच्या परिसरातही, त्याची वस्ती उघड झाली. २०१८ च्या आनुवंशिक अभ्यासाने ह्यूम यांचा स्वतंत्र वंशही अमान्य ठरविला; रानपिंगळा सामान्य पिंगळ्याच्या ‘अथेने’ वंशातच मोडतो. तथापि, कुलस्थान निश्चित झाले म्हणजे विखुरलेल्या वस्त्यांमधील परस्परसंबंधही निश्चित झाले, असे होत नाही. सातपुडा व तानसा यांमध्ये रक्ताची देवघेव चालू आहे की खंडित झाली आहे, यावरच संरक्षणाची योजना अवलंबून राहील. कारण तुटलेली लहान वस्ती अंतर्गत संकराने क्षीण होत जाते.

नोंदीचा अभाव म्हणजे अस्तित्वाचा अभाव नव्हे, आणि नोंद म्हणजे पुरावा नव्हे. किनवटच्या सागवनांत अभ्यासास जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ही दोन्ही सूत्रे सोबत बाळगावीत.